जीन एडिटेड धान म्हणजे नेमकं काय? 'कमला' आणि 'पुसा डीएसटी'ची माहिती

धान पट्ट्यात सध्या जीन एडिटेड बियाण्याची चर्चा आहे. काही जण त्याला सरळ 'बीटी धान' म्हणतात. ते चूक आहे.

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी दिल्लीत धानाचे दोन वाण जाहीर केले. पहिला डीआरआर धान १०० म्हणजे 'कमला'. हैदराबादच्या भारतीय धान संशोधन संस्थेने तो सांबा मसुरीपासून (बीपीटी ५२०४) तयार केला. दुसरा पुसा डीएसटी राईस १. दिल्लीच्या पुसा संस्थेने तो एमटीयू १०१० पासून काढला.

बीटी कापसात मातीतल्या जिवाणूचं जनुक आणून बसवलेलं आहे. या धानात बाहेरचं काही ठेवलेलं नाही. झाडाच्या स्वतःच्याच जनुकात 'क्रिस्पर' नावाच्या कात्रीने बारीक काप दिला, एवढंच. या कात्रीच्या शोधाला २०२० चं नोबेल मिळालं. कमलामध्ये ज्या जनुकावर काप दिला, ते दाणे वाढवणारं संप्रेरक मोडून टाकायचं. त्याचा जोर कमी झाला आणि लोंबीत दाणे वाढले. पुसा डीएसटीमध्ये पानांवरची रंध्रं कमी होतात, पाणी कमी उडतं, त्यामुळे झाड खारेपणा सोसतं.

कृषी संशोधन परिषदेच्या म्हणण्यानुसार सांबा मसुरीचं सरासरी उत्पादन हेक्टरी ४.५ टन, तर कमलाचं ५.३७ टन. शिवाय कमला सुमारे २० दिवस आधी निघतो. आपल्याकडे खरं मोल या २० दिवसांचं आहे, कारण धान लवकर निघालं तर मागच्या हरभऱ्याला, लाखोळीला जमिनीतली ओल सापडते. पुसा डीएसटीचा फायदा किनाऱ्याच्या खाऱ्या जमिनीत जास्त, म्हणजे तो विषय कोकणातल्या खारपट्ट्याचा. जीएमविरोधी संघटनांनी मात्र चाचण्यांच्या आकड्यांवर आक्षेप घेतले आहेत. परिषदेने ते फेटाळले.

बाहेरचं जनुक नसलेल्या अशा वाणांना केंद्राने २०२२ मध्ये जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली. त्यामुळेच हे काम इतकं पुढे सरकलं.

खरी गोम पेटंटची आहे. ही कात्री परदेशी पेटंटखाली आहे, त्यामुळे बाजारात बियाणं विकण्याआधी परवान्याचा प्रश्न सुटावा लागतो. पुढे बियाण्याच्या भावात हा खर्च कोण भरणार, हे शेतकऱ्याने विचारायलाच हवं.

दोन्ही वाण संकरित नाहीत, सरळ आहेत. म्हणजे घरचं बी राखून पुढच्या वर्षी पेरलं तरी गुण टिकतात. बी राखण्याचा आणि आपसात देण्याघेण्याचा हक्क २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला दिलेला आहे. फक्त ब्रँड लावून विकता येत नाही.

चोरबीटी कापसाचा अनुभव ताजा आहे. कुणी गावात येऊन 'कमला'ची खुली पिशवी देऊ लागला, तर आधी टॅग, लॉट नंबर आणि पक्कं बिल मागा. तिन्ही नसेल तर घेऊ नका.