सूर कोणाच्या मालकीचा?

१/ जॉर्ज ड्यू मॉरिए यांच्या ‘ट्रिल्बी’ (१८९४) कादंबरीतला संगीतशिक्षक स्वेंगाली नायिकेला संमोहित करून गायिका घडवतो. तो मरतो आणि तिचे गाणेही संपते.

२/ पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) नाटकातले खाँसाहेब सदाशिवला घराण्याची विद्या नाकारतात. तो ती चोरून ऐकतो.

३/ एक गुरू गळा ताब्यात ठेवतो, दुसरा विद्या. सूर ही दोघांच्याही लेखी मालमत्ताच.

४/ प्रत्यक्षात ही तिजोरी केव्हाच उघडू लागली होती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापले. भातखंड्यांनी घराण्यांच्या बंदिशी स्वरलिपीत छापल्या.

५/ म्हणूनच आज चिंचवडमधल्या कामगाराची मुलगीही गायनाच्या परीक्षेला उजळ माथ्याने बसू शकते.