कारवीच्या मधासाठी वेगळा नियम

कोयनानगरहून आणलेल्या मधाची बाटली मी तिसऱ्या महिन्यात उघडली तेव्हा सोड्याच्या बाटलीसारखा ‘फस्स’ आवाज आला. वर फेस, वास आंबूस. फसवले गेले, असंच वाटलं. मोबाइलवर सापडलेल्या सगळ्या घरगुती परीक्षा घेतल्या. मधाचा थेंब पाण्यात सोडला तर विरघळला. काडी मधात बुडवून ओढली तर पेटली नाही. नापास! मग ज्या शेतकरी काकांकडून बाटली घेतली होती, त्यांना जरा घुश्शातच फोन लावला.

ते शांतपणे म्हणाले, “ताई, मध चोख हाय. पण चूक माझीच. वळीव आला म्हणून घाई केली, कच्चा काढला.”

मध कच्चा असतो, हे मला माहीतच नव्हतं. माशी मकरंद आणते तेव्हा तो पाण्यासारखा पातळ असतो. पंखांनी वारा घालून ती त्यातलं पाणी उडवते आणि मध पिकला की त्या घरावर मेणाचं झाकण लावते. झाकण लागण्याआधी काढलेला मध शंभर टक्के शुद्ध असूनही आंबतो. म्हणजे माझ्या बाटलीत भेसळ नव्हती, होती ती उतावीळ. तिथून मी या मधाचा इतिहास शोधत गेले आणि कोयनेच्या उलट दिशेनं, नदीच्या उगमाकडे, महाबळेश्वरला पोहोचले.

सह्याद्रीत मध गोळा करणं फार जुनं. पण ते ‘पाळणं’ नव्हतं, ती लूट होती. कड्याला लटकलेलं आग्या माशीचं मोहोळ रात्री टेंभा लावून उठवायचं, पोळं कापायचं, फडक्यात घालून पिळायचं. त्या पिळण्यात अंडी, पिल्लं, पराग सगळंच यायचं. सातेरी माशीचंही तेच व्हायचं, फक्त तिचं घर झाडाच्या ढोलीत किंवा दगडाच्या कपारीत. एका माणसाला दोन शेर मध मिळायचा आणि एक वसाहत संपायची. आज आपण बाटलीवर ‘जंगली मध’ वाचून दहा रुपये जास्त द्यायला तयार होतो, तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे हे पिळलेलं फडकं नसतं.

या दोन माश्यांमधला फरक महत्त्वाचा आहे. आग्या उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते. तिला पेटीत ठेवता येत नाही. सातेरी अंधारात एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते आणि दोन पोळ्यांमध्ये ये-जा करण्यापुरती ठरावीक जागा सोडते. माशीच्या या मोजमापावर १८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्यानं हलत्या चौकटींची पेटी बेतली. तेवढीच फट ठेवली की माशी ती मेणानं बुजवत नाही, चौकट अलगद उचलता येते. मधयंत्रात फिरवून मध काढायचा आणि रिकामं पोळं माशीला परत द्यायचं. पिल्लं खालच्या कप्प्यात सुखरूप. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फादर न्यूटन यांनी दक्षिण भारतात सातेरीच्या मापाची छोटी पेटी तयार केली. १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेनं वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. त्याच्या कामांत मधमाशीपालनही होतं. आणि १९४६ मध्ये महाबळेश्वरला सरकारी पातळीवर हे काम उभं राहिलं. आजचं मध संचालनालय ते हेच.

महाबळेश्वरच का? कारण तिथं जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा, अंजनी आहेत. आणि कारण डोंगरउतारावरच्या माणसाकडे भाताचं चिमूटभर शेत सोडून फारसं काही नव्हतं. पेटीला जमीन लागत नाही. मला या योजनेतली ही गोष्ट सगळ्यात शहाणपणाची वाटते. सातेरीची एक पेटी वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध देते. श्रीमंत होण्याइतका नाही, पण हातात रोख पैसा येण्याइतका. महाबळेश्वरजवळच्या मांघर गावात बहुतेक घरं हाच धंदा करतात. मे २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं.

पेट्या वाटून काम संपलं नाही. १९५२ मध्ये महाबळेश्वरला मधमाश्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. देवडीकर, ठकार ही मंडळी माश्या मोजत, फुलं नोंदत, मध तपासत बसली. पुढे १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. याच काळात इथल्या एका मधानं शास्त्रज्ञांना बुचकळ्यात टाकलं. तो कारवीचा मध.

कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. त्या वर्षी अख्खे उतार जांभळे होतात, माश्या वेड्या होतात. पण हा मध मधयंत्रात फिरवला तरी पोळ्यातून सुटत नाही. स्थिर ठेवला की जेलीसारखा थिजतो, ढवळला की पातळ होतो, सोडला की पुन्हा थिजतो. जगात असं वागणारे मध मोजकेच आहेत: स्कॉटलंडमधल्या हेदरचा, न्यूझीलंडच्या मानुकाचा आणि आपल्या कारवीचा. मानुकाची बाटली हजारो रुपयांना जाते. कारवीचं नाव दुकानात कुणी काढत नाही.

ते नाव एका ठिकाणी मात्र आहे. ‘एफएसएसएआय’च्या मधाच्या नियमांत सुक्रोज, म्हणजे साधी साखर, जास्तीत जास्त ५ टक्के असावी असं लिहिलंय. अपवाद दोन: एक हनीड्यू मध आणि दुसरा ‘कार्व्हिया कॅलोसा’. त्यांना १० टक्क्यांपर्यंत सूट. कार्व्हिया म्हणजे आपली कारवीच. हा अपवाद नसता तर सह्याद्रीतला अस्सल मध प्रयोगशाळेत भेसळीचा ठरला असता. ते कळल्यावर पाण्यात थेंब सोडणाऱ्या माझ्या परीक्षेची मलाच लाज वाटली.

उलटंही घडतं. डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनं १३ ब्रँडचे मध तपासून घेतले. परदेशी प्रयोगशाळेतल्या चाचणीसकट सगळ्या चाचण्यांत टिकले फक्त तीन. नेहमीच्या चाचण्यांना चकवण्यासाठी खास तयार केलेली सिरप बाजारात आहेत, हे तेव्हा उघड झालं. म्हणजे काडी पेटते का, मुंगी लागते का, कुत्रा खातो का, यातून काहीही कळत नाही. साका धरला तर भेसळ, हाही गैरसमज. अस्सल मधही गोठतो. आणि दमट डोंगरातला सातेरीचा मध मुळातच पातळ असतो. नियम म्हणतो पाणी २० टक्क्यांच्या आत हवं; इथल्या माशीला पावसाळी हवेत ते गाठताना घाम फुटतो.

दिवाळीनंतर मी पुन्हा कोयनानगरला गेले. काकांच्या पेट्या शेताच्या बांधावर, अभयारण्याच्या हद्दीबाहेर. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. आत जाऊन पोळं काढणं गुन्हा. पण सातेरी एक-दीड किलोमीटर सहज फिरते आणि तिला पाटी वाचता येत नाही. जंगलाचा मध ती स्वतःहून बांधावर आणून ठेवते.

काकांनी पेटी उघडून एक चौकट वर धरली. अर्ध्याहून अधिक घरं मेणानं बंद होती, खालची चमकत होती. “ही अजून नगं,” म्हणून त्यांनी ती परत आत सरकवली. मला उन्हाळ्यातला जांभळाचा मध दिला. काळपट, मागून किंचित कडू. आंबलेल्या बाटलीचे पैसे ते परत देत होते. मी घेतले नाहीत, मग त्यांनी पाव किलो जास्त तोलला.

कारवीचा मध कधी मिळेल, विचारलं. त्यांनी समोरच्या उताराकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं.

“फुलली की फोन करतो. तवर नंबर बदलू नका.”