पाचाडचे परस आणि भोपळ्याचा वेल

रायगडाच्या पायथ्याचे पाचाड महाडपासून सुमारे 25 किलोमीटरवर आहे. महाड-पोलादपूरच्या या डोंगराळ पट्ट्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. सपाटीच्या खाचरांत भात आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी अशी इथली पिकांची जुनी वाटणी आहे. भाजीला या वाटणीत स्वतंत्र शेत नाही. तिची जागा घराच्या मागे, परसात. परसाची जमीन थोडी उंच आणि उताराची असल्याने पाणी साचत नाही. गोठ्याचे शेण आणि चुलीची राख हाताशी असते, शिवाय घरातल्या माणसांची नजरही राहते. भोपळा, दुध्या, काकडी, पडवळ, शिराळे, कारले या वेलांना याच गोष्टी लागतात. मुळाशी पाणी तुंबले की वेल कुजतो, आणि खत कमी पडले तर वेल खुरटतो आणि फळ नीट धरत नाही.

जुने वेल आणि समुद्रापलीकडून आलेला वेल

परसातले सगळे वेल सारख्याच वयाचे नाहीत. दुध्या आणि कोहळा भारतात फार पूर्वीपासून आहेत. संस्कृत ग्रंथांत अलाबू आणि कूष्मांड या नावांनी त्यांचे उल्लेख येतात. काकडीचे मूळ तर हिमालयाच्या पायथ्याचे मानले जाते. लाल भोपळा मात्र अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या वाहाका भागातील एका गुहेत या कुळातल्या लागवडीच्या भोपळ्याच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. मिरची, बटाटा, पेरू, अननस, काजू ज्या वाटेने आले त्याच वाटेने, म्हणजे सोळाव्या शतकापासूनच्या पोर्तुगीज व्यापारातून, लाल भोपळा हिंदुस्थानात पोहोचला. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि 1521 मध्ये चौलजवळ रेवदंड्याला कोट बांधायला सुरुवात केली. आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याचा नव्या जगातल्या पिकांशी संबंध येथून सुरू होतो.

लाल भोपळा रुजायला फारसा वेळ लागला नसावा. त्याला वेगळी मशागत नको होती, कारण दुध्या-कोहळ्याचे आळे, खत आणि मांडव त्यालाही चालत होते. त्यात टिकाऊपणाचा एक गुण अधिक. काकडी, पडवळ, शिराळे तोडल्यावर चार-आठ दिवसांत संपवावे लागतात. पक्का लाल भोपळा मात्र कोरड्या माळ्यावर कित्येक महिने राहतो. भात काढून झाल्यावर पाण्याअभावी परस सुकत जातात, त्या दिवसांत घरात ठेवता येणारी भाजी म्हणून त्याला मोल आले.

गडाची भूक आणि पायथ्याचे गाव

चंद्रराव मोऱ्यांकडून 1656 मध्ये रायरी घेतल्यानंतर शिवाजी महाराजांनी तिथे रायगड उभा केला आणि पुढे तो राजधानी झाला. गडावरचा थंड वारा जिजाबाईंना मानवत नसल्याने त्यांच्यासाठी पाचाडला वाडा बांधण्यात आला. वाड्याची जोती, तटाचे अवशेष आणि विहिरी आजही पाहता येतात. त्यांतली तक्क्याची विहीर विशेष प्रसिद्ध आहे. 6 जून 1674 रोजी राज्याभिषेक झाला आणि 17 जूनला जिजाबाईंचे पाचाडला निधन झाले. त्यांची समाधी गावातच आहे.

राजधानी डोंगरमाथ्यावर असली की तिचे रोजचे अन्न पायथ्याशी पिकते. दूध विकायला गडावर गेलेल्या हिरकणी गवळणीची दंतकथा या रोजच्या चढउताराचीच आठवण सांगते. राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेनच्या नेतृत्वाखाली आलेले इंग्रज वकील गडावर जाण्याआधी पाचाडलाच मुक्कामाला होते. त्यांच्या भेटीची हकिकत जॉन फ्रायरने नोंदवली आहे. गडावरच्या साध्या, तूपभाताच्या नि खिचडीच्या जेवणात इंग्रजांचे मन रमेना. त्यांनी मांस मागवले, आणि ते इतके की पुरवणारा म्हातारा खाटीक एवढे मांस खाणारे लोक कोण हे पाहायला डोंगर चढून आला. गडाचे रोजचे अन्न धान्य, डाळ आणि दूधदुभते यांवर किती चालत होते, हे त्या गमतीदार प्रसंगातून कळते.

भाजीपाल्याकडे त्या काळच्या राज्यकारभाराचे बारीक लक्ष होते. राज्याभिषेकापूर्वी चिपळूण भागात छावणीला असलेल्या लष्कराला लिहिलेल्या शिवाजी महाराजांच्या पत्रात दाणे, भाकर, गवत, लाकूडफाटा यांबरोबर भाजी आणि पाला यांचेही नाव घेतले आहे. कुणब्यांच्या घरातून या वस्तू फुकट उचलू नयेत, बाजारातून विकत घ्याव्यात, असा त्याचा आशय आहे. 1676 मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेल्या पत्रातही रयतेच्या भाजीच्या देठाचीसुद्धा हाव धरू नये अशी ताकीद आहे. कुणब्याच्या परसातल्या वेलाला धनी आहे आणि त्याच्या फळाला किंमत आहे, हे दोन्ही पत्रांत गृहीत धरलेले आहे.

परसबागेचा आणखी थेट उल्लेख रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात येतो. हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. गडाच्या व्यवस्थेबद्दल लिहिताना अमात्य सांगतात की वाटांवर आणि बाजारात केर पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली न लोटता जागच्या जागी जाळावा, त्याची राख परसात टाकावी आणि घरोघर होईल तेवढा भाजीपाला करवावा. स्वच्छता, खत आणि वेढ्याच्या दिवसांत उपयोगी पडणारी भाजी अशा तिन्ही गोष्टी या एका आज्ञेत साधल्या आहेत. राख घातलेल्या परसात भाजी घेण्याची ही रीत कोकणातल्या घरांनी पुढेही पाळली.

गड उतरल्यानंतरचे गाव

रायगड 1689 मध्ये मोगलांकडे गेला, 1733 मध्ये मराठ्यांनी तो परत मिळवला आणि मे 1818 मध्ये इंग्रजांनी घेतला. राजधानी उठली तशी गडाची भूकही संपली. पाचाडचा माल आता सावित्री नदीवरच्या महाडच्या बाजारपेठेकडे जाऊ लागला. महाड हे त्या काळी खाडीच्या वाटेने बाणकोटशी जोडलेले बंदर होते आणि घाटावरून येणारा मालही तिथेच उतरत असे. नाशवंत भाजी इतक्या लांब नेणे परवडत नाही. भोपळ्याला आदळआपट आणि प्रवासाचे दिवस सोसतात, म्हणून परसातला जास्तीचा भोपळा विकता येई आणि बाकीची भाजी घरी नि वाडीत संपे.

पुढे मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या. कोकणातल्या अनेक घरांप्रमाणे कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातल्या घरांतलेही पुरुष नोकरीसाठी मुंबईला गेले आणि शेती बरीचशी बायकांच्या हाती आली. परस तर आधीपासूनच त्यांचे होते. बियांची निवड, आळी, वेल चढवणे आणि फळ कुणाला द्यायचे याचा निर्णय घरातली वडीलधारी बाई करी. बाजारातून बी आणण्याची गरज नव्हती. वेलावरचे एक चांगले, भारी फळ बियांसाठी राखून ठेवत. बी धुऊन, उन्हात वाळवून, राखेत चोळून पुढच्या मृगापर्यंत जपत. एकेका वाडीचे वाण असे पिढ्यानपिढ्या टिकले.

वेलाचे वर्ष

पावसाच्या तोंडावर हातभर रुंदीची आळी खणून त्यांत कुजलेले शेणखत आणि राख भरतात. दोन-तीन बिया टोचून त्यांतले जोमदार रोप ठेवतात. काकडी, पडवळ, शिराळे, कारले यांना बांबूचा आणि झाडांच्या फांद्यांचा मांडव लागतो. दुध्या मांडवावर किंवा घराच्या कौलांवर चढवतात. लाल भोपळ्याचे फळ जड असल्याने तो जमिनीवर किंवा दगडी बांधावर पसरू देतात. फळाखाली गवताची किंवा पेंढ्याची बैठक दिली की ओल लागून कुजत नाही.

भोपळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगळी फुले येतात. आधी नर फुले लागतात, मादी फुले मागाहून. मादी फुलाच्या खाली बारीक फळाचा आकार दिसतो, तीच तिची खूण. फुले पहाटे उमलतात आणि ऊन चढेपर्यंत मिटतात. तेवढ्या वेळात मधमाश्यांनी परागकण पोहोचवले तर फळ धरते. लागोपाठ झड लागली की माश्या फिरत नाहीत, आणि धरलेली कोवळी फळे पिवळी पडून गळतात. जास्तीची नर फुले तोडून त्यांची भजी करतात, त्याने वेलाचे नुकसान होत नाही. फळमाशी हा वेलभाज्यांचा मोठा शत्रू. हल्ली माकडे आणि रानडुकरे यांचा उपद्रवही कोकणभर वाढला आहे. पेरणीपासून साधारण साडेतीन-चार महिन्यांत फळ पक्के होते. तेव्हा साल नखाने टोचत नाही आणि देठ सुकून लाकडासारखा होतो. देठासकट कापलेला भोपळा जास्त टिकतो, देठ तुटला की तिथूनच सड सुरू होते.

1972 मध्ये दापोलीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि वेलभाज्यांवर रीतसर संशोधन सुरू झाले. शीतल काकडी, कोकण श्वेता पडवळ, कोकण हरिता दोडका आणि कोकण तारा कारले ही तिथली वाणे. लाल भोपळ्यात बंगळूरच्या संस्थेचे अर्का चंदन आणि दिल्लीचे पुसा विश्वास ही वाणे प्रसिद्ध आहेत. सुधारित वाणांबरोबर विक्रीसाठीची लागवड वाढली. परसात मात्र घरचे बी अजूनही दिसते.

सण, स्वयंपाक आणि सुका भोपळा

भाद्रपदात मांडव भरतात आणि त्याच महिन्यात गणपती येतात. चाकरमानी घरी येतात तेव्हा परस त्याच्या ऐन भरात असते. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. या दिवशी बैलाच्या श्रमाने पिकलेले धान्य खायचे नाही असा नेम आहे. त्यामुळे परसातली अळू, भेंडी, काकडी, पडवळ, भोपळा, शिराळे अशी मिसळ भाजी शिजते. नांगर न लागणाऱ्या परसाला सणाचे ताट मिळवून देणारा हा नेम आहे. लाल भोपळा आणि गुळाचे घारगे, भोपळ्याचे भरीत, कोहळ्याचे सांडगे हे पदार्थ त्याच ऋतूचे. नव्या घराच्या किंवा दुकानाच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून कोहळा टांगतात. बऱ्याच घरांत अखंड कोहळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावावी अशी चाल आहे.

पक्का सुका दुध्याही उपयोगी असे. आतला गर काढून त्याचे पाणी ठेवायचे भांडे करीत. नदीत नि विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या पाठीला सुका भोपळा बांधत. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना तंबोरा आणि सतारीसाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात. लेकीकडे निघालेली म्हातारी भोपळ्यात बसून रानातून सुटते, ही गोष्ट मराठी मुलांना फार लहानपणीच ऐकायला मिळते.

पाहुण्यांचे पाचाड

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महात्मा फुले यांनी रायगडावरच्या शिवाजी महाराजांच्या समाधीचा शोध घेतला. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने 1896 मध्ये गडावर शिवोत्सव झाला, आणि 1920 च्या दशकात समाधीचा जीर्णोद्धार झाला. तेव्हापासून पाचाड हे यात्रेकरूंच्या वाटेवरचे गाव झाले. शाळांच्या सहली, एसटीचा प्रवास, 1996 मध्ये हिरकणीवाडीला सुरू झालेला रोपवे आणि जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांतला किल्ला म्हणून रायगडाला मिळालेला जागतिक वारशाचा दर्जा, अशा टप्प्यांनी गर्दी वाढत गेली. गडावर जाणाऱ्यांसाठी पाचाड परिसरात घरगुती जेवणाची सोय होऊ लागली. राजधानीच्या काळी पायथ्याचे अन्न डोंगर चढून जात असे, आता खाणारेच पायथ्याशी येतात.

शेत पाहायला कुटुंबाने जाणे ही महाराष्ट्रात अगदी नवी गोष्ट नाही. आवळीभोजन आणि हुरडा हे त्याचे जुने प्रकार. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेले की महाबळेश्वरला पर्यटक स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत शिरतात. रायगड जिल्ह्यातच नेरळजवळ सगुणाबागेने 1980 च्या दशकात शहरी कुटुंबांना शेतावर बोलवायला सुरुवात केली. राज्याने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अमेरिकेत ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविनसाठी भोपळे निवडायला कुटुंबे शेतावर जातात. योगायोगाने कोकणातला पावसाळी भोपळाही त्याच सुमारास पक्का होतो.

पाचाड-महाड भागातले परस पाहायचे तर ऋतू पाहून निघावे लागते. मांडवावरची काकडी, पडवळ गणपतीच्या आगेमागे, पक्का लाल भोपळा दसरा-दिवाळीच्या सुमारास. उमललेली फुले पाहायची असतील तर मुलांना घेऊन सकाळी लवकर जावे, ऊन वर आल्यावर फुले मिटतात. परस हे कुणाच्या तरी घराचे मागचे अंगण असते, म्हणून घरच्या माणसांना विचारून, बांधावरूनच फिरावे. वेलावर पाय पडला की पुढचा शेंडा मरतो. ओल्या बांधावर पाय घसरतो आणि गवतात साप असू शकतो, म्हणून मुलांच्या पायात बंद बूट हवेत. भोपळा देठाला धरून उचलू नये, तळाशी हात घालून उचलावा. तोडायचा असेल तर दोन-तीन बोटे देठ ठेवून सुरीने कापावा, आणि दर घरच्या बाईला विचारून द्यावा. बियांची मागणी केली तर बहुतेक घरांत त्या आनंदाने मिळतात. सुकवून, राखेत चोळून ठेवलेल्या त्या बिया पुढच्या जूनपर्यंत सहज टिकतात.