उल्हासकांठचें स्मरण

महोत्सवाच्या स्मरणिकेंत इमारती, घंटा व देणगीदार यांचा वृत्तांत देण्याची चाल आहे. परंतु हेंद्रेपाड्याचा इतिहास लिहूं जातां उल्हास नदीस वगळणें शक्य नाहीं. कारण बदलापूरच्या पश्चिमेकडील ही वस्ती तिच्याच शेजारीं वाढली.

ता. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उल्हास नदीनेंही बदलापुरास वेढलें. त्या वेळीं अशा संकटांत धांवून येणारें राष्ट्रीय दल अस्तित्वांत नव्हतें. आपत्तिव्यवस्थापनाचा कायदा त्याच वर्षीं डिसेंबरांत झाला व दल २००६ सालीं उभें राहिलें.

पुढें चौदा वर्षांनीं, २६ जुलै २०१९ च्या सायंकाळीं मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुरांत अडकली. हेंद्रेपाड्यांतही पाणी शिरलें. गाडींत सुमारें १०५० उतारू होते. त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. कोणीं खालीं उतरूं नये, गाडींतच सुरक्षितता आहे, असें रेल्वेनें कळविलें. सकाळीं दलाच्या होड्या आल्या, नौदल आलें, आसपासचे गांवकरी आले, आणि सर्व उतारू सुखरूप बाहेर पडले.

यांतून आम्ही एवढेंच शिकलों कीं, सरकारी मदत कितीही तत्पर असली तरी ती येईपर्यंतची रात्र आपणांसच काढावयाची असते. म्हणून पाणी अंगणांत येण्यापूर्वींच तळमजल्यावरील वृद्ध, आजारी व मुलें यांस वरच्या मजल्यावर न्यावें. विजेचा मुख्य खटका व गॅस बंद करावा. औषधें, कागदपत्रें व पिण्याचें पाणी जवळ ठेवावें. वाहत्या पाण्यांत पाऊल घालूं नये. गढूळ पाण्याखालीं उघडें गटार दिसत नाहीं. ११२ या क्रमांकावर कळवावें आणि उंच, पक्क्या जागीं धीर धरून थांबावें.

“माझा शेजारी कोण?” हा शुभवर्तमानांतील प्रश्न आम्ही प्रवचनांत पुष्कळदां विचारला आहे. पुराच्या रात्रीं त्याचें उत्तर शोधीत बसण्यास वेळ नसतो. तरी वाचकांनीं आजच आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर एकटें राहणाऱ्या वृद्धांचीं नांवें या पानाच्या समासांत लिहून ठेवावीं, व त्यांस वर कोण नेणार, तें त्यापुढें लिहावें, एवढी आमची विनंति आहे.