दगडाच्या पोटात कोण दडलंय? जेलीफिश समजलेला जीव उलटा केला आणि निघालं समुद्रफूल!

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, शिकागोच्या नैर्ऋत्येला, मेझन क्रीक नावाची एक छोटी नदी आहे. तिच्या आसपासच्या जुन्या कोळसा खाणींच्या परिसरात तांबूस-तपकिरी गोटे सापडतात. गोटा उघडला की आत कधी कोळंबी दिसते, कधी कोळी, तर कधी नुसताच एक डाग. हे जीव जवळपास ३१ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. पण नेमका कोणता जीव आहे, हे ओळखायचं कसं?

गोटा तयार कसा झाला?

अशा गोट्याला काँक्रिशन म्हणतात. त्या काळी इथे नदीचं मुख आणि उथळ खाडी होती. मेलेले जीव बारीक गाळात झटपट गाडले गेले. ते कुजताना आजूबाजूच्या पाण्यातलं रसायन बदललं आणि सिडेराइट हे लोहयुक्त खनिज तिथे साचलं. शरीर पूर्ण नष्ट होण्याआधीच भोवतीचा गाळ दगडासारखा घट्ट झाला. म्हणूनच इथे हाडं किंवा कवच नसलेल्या मऊ जीवांचेही ठसे मिळतात.

आपल्या देवघरातला शाळिग्रामही अनेकदा असाच गोटा असतो. नेपाळच्या काली गंडकी नदीत मिळणाऱ्या शाळिग्रामातलं 'चक्र' म्हणजे बहुतेकदा अमोनाइट या नामशेष समुद्री जीवाच्या शंखाचा ठसा.

गोटा उघडतात कसा?

हातोडीचा घाव चुकला तर जीवाश्माचेच तुकडे होतात. त्यामुळे अनेक संग्राहक गोटे पाण्यात भिजवतात, फ्रीझरमध्ये गोठवतात आणि पुन्हा वितळू देतात. असं बऱ्याचदा केलं की गोटा कमकुवत जागी, म्हणजे अनेकदा जीवाश्माच्या रेषेतच, उकलतो. अनेक गोटे रिकामेही निघतात.

ओळखण्याच्या खुणा

भिंग घ्यायचं आणि प्रकाश बाजूने तिरपा पाडायचा. मग बारीक उंचवटे दिसू लागतात.

- कोळंबीसारखे जीव: शरीराचे खंड, लांब मिशा, पंख्यासारखी शेपटी.
- कीटक: अनेकदा फक्त पंख उरतो. पंखावरच्या शिरांच्या जाळीवरून गट ठरतो.
- समुद्री कृमी: कडेला राठ केसांच्या रांगा, काहींत छोटे जबडे.
- शिंपले: दोन झडपा आणि त्यांवरच्या वाढीच्या रेषा.
- हॉर्सशू क्रॅब: घोड्याच्या नालेसारखं डोकं आणि मागे टोकदार शेपटी.

गोटा कुठे सापडला, हेही महत्त्वाचं. मेझन क्रीकच्या काही जागी जमिनीवरचे आणि गोड्या पाण्यातले जीव मिळतात, तर काही जागी समुद्राशी नातं असलेले.

सगळे चकले तो 'डाग'

या गोट्यांत एक जीव प्रचंड संख्येने सापडतो: एसेक्सेला. धड आकार नसलेला ठसा म्हणून अनेक संग्राहक तो बाजूला टाकून द्यायचे. १९७९ मध्ये त्याचं वर्णन जेलीफिश म्हणून झालं. वर छत्री आणि खाली लोंबणारा पडदा, असं त्याचं चित्र उभं राहिलं. पण असा पडदा आजच्या कुठल्याच जेलीफिशला नसतो.

२०२३ मध्ये संशोधकांनी हजारो नमुने पाहून वेगळाच निष्कर्ष मांडला. जीवाश्म उलटा धरला तर 'पडदा' म्हणजे समुद्रफुलाचं पिंपासारखं शरीर ठरतं आणि 'छत्री' म्हणजे तळातल्या गाळात रुतून बसण्यासाठीचा त्याचा स्नायूंचा पाय. जीव तोच होता, चित्र मात्र चाळीसहून अधिक वर्षं उलटं होतं.

हे कळलं ते एका सुंदर नमुन्यामुळे नाही, तर ढीगभर सामान्य नमुने जपून ठेवल्यामुळे. एकच प्राणी कुजण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळा दिसतो, त्यामुळे एका ठशावरून नाव ठरवणं धोक्याचं असतं.

असा गोटा सापडला तर?

- दोन्ही अर्धे एकत्र ठेवा. एका बाजूला न दिसणारी खूण दुसऱ्या बाजूला असू शकते.
- सापडल्याची जागा आणि तारीख लिहून ठेवा. जागेची नोंद नसेल तर नमुन्याचं शास्त्रीय मोल खूप घटतं.
- फोटोत शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळतो.
- गोळा करण्याआधी स्थानिक नियम तपासा. मेझन क्रीक परिसरातल्या सरकारी राखीव क्षेत्रातही परवाना लागतो.
- ओळख पटली नाही म्हणून फेकू नका. एसेक्सेलाही कित्येकांनी असाच फेकला होता.