दगडीपाल्याची कुळकथा

खेड्यातील कोणताही झाडपाल्याचा उपचार पाहिला की त्याचे मूळ थेट ऋषिमुनींपर्यंत नेऊन भिडविण्याची सवय आपणांस जडली आहे. दगडीपाल्याचा इतिहास मात्र ह्या समजुतीस छेद देतो.

बीड जिल्ह्यात नांदूरघाटासारख्या गावी शेताच्या बांधावर व वाटेच्या कडेस ही वनस्पती आपोआप उगवते. उंच दांडीवर एकच लहानसे फूल येते, म्हणून तिला एकदांडी असेही म्हणतात. दरसाल दिवाळीच्या सुमारास ह्या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात. फडात कोयता बोटावर घसरला असता डॉक्टर जवळ नसतो. तेव्हा पाला तळहातावर चोळून त्याचा रस जखमेवर पिळावयाचा, ही जुनी रीत होय.

सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. परंतु त्यास हा पाला ठाऊक असणे शक्य नाही. कारण ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. लिनियसने 1753 साली तिला शास्त्रीय नाव दिले. म्हणजे हा परदेशी पाहुणा येथे रुजल्यावर त्याचा गुण कोणा शेतकऱ्याने, गुराख्याने वा मजुरिणीने स्वतःच्या जखमेवर पारखून घेतला. 1982 साली भारतीय संशोधकांनी व्रणरोपणावरील त्याच्या परिणामाचे प्रयोग प्रसिद्ध केले; परंतु पहिल्या पारख्याचे नाव कोठेही नोंदलेले नाही.

नोंदीचे मोल काय, हे हळदीच्या प्रकरणात दिसून आले. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत 1995 साली दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते, तिने त्यास हरकत घेतली व 1997 साली ते रद्द करविले. तो विजय जुन्या ग्रंथांच्या व छापील लेखांच्या पुराव्याने मिळाला. घरोघरच्या आज्यांची साक्ष तेथे पुरेशी झाली नसती.

खोल किंवा मातीने माखलेल्या जखमेस दवाखान्यावाचून गत्यंतर नाही व धनुर्वाताची लस पाल्याने चुकत नाही, हे आम्ही निक्षून सांगतो. तथापि ज्यांच्यापाशी पोथी नव्हती त्यांनीही ह्या देशाच्या वैद्यकात भर घातली आहे. ही माणसे आहेत तोवर त्यांचे ज्ञान लिहून घेणे व कसास लावणे, हे आम्हां लिहित्या-वाचत्यांचे कर्तव्य होय.