आंब्याची कोय, आंब्याची काडी आणि विश्वासाचा प्रश्न

मृगाच्या सरी पडल्या की देशभरातील रोपवाटिकांत एकच दृश्य दिसते. काळ्या पिशव्यांत ओळीने मांडलेली आंब्याची कलमे आणि प्रत्येकाच्या मानेला अडकवलेली चिठ्ठी: दशहरी, लंगडा, केशर, हापूस, आम्रपाली. परसात एकच झाड लावण्यापुरती जागा असलेला गृहस्थ त्या चिठ्ठीवर विसंबून कलम घरी नेतो, खड्डा घेतो, पाणी घालतो आणि चार-पाच वर्षे वाट पाहतो. चिठ्ठी खरी होती की खोटी, हे त्याला पहिल्या फळावरच कळते आणि तोवर फार उशीर झालेला असतो. परसातील या साध्या प्रश्नामागे भारतीय उद्यानविद्येचा काही शतकांचा इतिहास आहे. तो समजून घेतला, तर रोप निवडतानाची आपली नजरही बदलते.

प्रथम मुळाचा प्रश्न. गोड आंबा खाऊन त्याची कोय पुरली, तर तसाच आंबा का येत नाही? भारतातील बहुतेक नामांकित वाण एकभ्रूणी आहेत. त्यांच्या कोयीत एकच भ्रूण असतो आणि तो परागीभवनातून, म्हणजे दोन पालकांच्या संयोगातून जन्मलेला असतो. आई ठाऊक असते, बाप कोण हे वारा, माश्या आणि शेजारची झाडे ठरवतात. म्हणून कोयीचे प्रत्येक झाड नवे असते. आग्नेय आशियातील अनेक वाण आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील ओलूर, बाप्पाकाई यांसारखे काही वाण मात्र बहुभ्रूणी आहेत. त्यांच्या कोयीतून अनेक अंकुर फुटतात आणि त्यांपैकी बरेचसे आईच्याच पेशींपासून तयार झालेले, हुबेहूब आईसारखे असतात. दशहरी किंवा हापूस यांना ही सोय निसर्गाने दिलेली नाही. त्यांचा गुण टिकवायचा, तर झाडाचीच काडी दुसऱ्या खुंटावर जगवावी लागते. तेच कलम.

‘कलम’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ बोरूची लेखणी. तिरका छेद घेतलेली काडी आणि टोक तासलेला बोरू यांतील साम्य ज्याला प्रथम जाणवले, त्याने हे नाव दिले असावे. परंतु शब्द परका असला, तरी कल्पना आपल्याकडे जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग अशा झाडांच्या फांद्यांना शेण लिंपून लावावे, किंवा दुसऱ्या झाडाच्या छाटलेल्या मुळावर वा खोडावर त्यांचे रोपण करावे, असे तेथे सांगितले आहे. हे वर्णन वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. केळीसारख्या एकदल वनस्पतीला कॅम्बियम हा वाढणारा थर नसल्याने तिच्यावर कलम सांधत नाही. तेव्हा या यादीत छाट लावणे आणि कलम बांधणे एकत्र आलेले दिसते. दुसरे म्हणजे, या यादीत आंबा नाही. त्यावरून आंब्याचे कलम त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही. मात्र आंब्याच्या कलमाची परंपरा या अध्यायापर्यंत मागे नेण्याचा मोह आवरावा लागतो.

मोगल काळात कलमाला ‘पैवंद’ म्हणत. काबूलहून आणलेली चेरी काश्मीरमध्ये कशी रुजली, याची नोंद जहांगीरच्या आत्मवृत्तात आहे. त्याच काळात पश्चिम किनाऱ्यावर आंब्याच्या इतिहासाला वेगळे वळण मिळत होते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा भारतीय औषधींवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळालेले होते आणि तेथील आपले एक आंब्याचे झाड वर्षातून दोनदा फळते, असे तो त्या ग्रंथात सांगतो. हे झाड लक्षात ठेवावे. त्याच्याकडे शेवटी परत यायचे आहे.

गोव्यात कलमांचा प्रसार करण्याचे श्रेय सामान्यतः पोर्तुगीजांना, विशेषतः जेझुइट धर्मगुरूंना दिले जाते. त्याचे फळ निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाच्या लेखनात दिसते. सर्वोत्तम आंबे गोव्याच्या बेटावर होतात, असे सांगून तो त्यांची नावेच देतो आणि त्यांत एक नाव आहे ‘निकोलाव अफोंसो’. आपला हापूस अफोंसो द अल्बुकर्क या सेनानीच्या नावावरून आला, असे सर्रास सांगितले जाते. परंतु अल्बुकर्क १५१५ मध्ये मरण पावला आणि मनुचीची यादी त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. त्या यादीतील अफोंसो हा निराळाच आहे. हापूसच्या नावाशी त्याचे नाते अधिक जवळचे वाटते. शिवाय यादीतील इतर आंब्यांनाही अशीच व्यक्तींची नावे आहेत. ज्याच्या बागेत चांगले झाड निपजले त्याचे नाव आंब्याला, अशी ती रीत दिसते. आंब्याला माणसाचे नाव मिळते आणि पिढ्यानपिढ्या टिकते, हीच मुळात कलमाची खूण आहे. कोयीच्या झाडाचे नाव त्या झाडाबरोबर संपते.

त्या काळापासून विसाव्या शतकापर्यंत आंब्याची मुख्य पद्धत होती भेट कलम. कुंडीतील रोप मातृवृक्षाजवळ न्यायचे, गरज पडल्यास मांडव उभारून फांदीच्या उंचीवर ठेवायचे, रोपाची आणि फांदीची साल थोडी तासून दोन्ही जखमा एकमेकींना बांधायच्या आणि सांधा जुळेपर्यंत दोन-तीन महिने पाणी घालत राहायचे. सांधा पक्का झाला की फांदी खालून आणि रोप वरून कापायचे. काडी शेवटपर्यंत आईच्या रसावर जगत असल्याने यश हमखास मिळे. परंतु एका झाडावर किती कुंड्या टांगणार? म्हणून कलमे थोडी आणि महाग असत, आणि ज्याच्या अंगणात मातृवृक्ष त्याच्याच हाती वाणाची किल्ली राही. या अडचणीतच एक सोय दडलेली होती. कलम घेणाऱ्याला मातृवृक्ष डोळ्यांनी पाहता येई. रोपाची आईशी प्रत्यक्ष ‘भेट’ झालेली असे.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत या कामात सार्वजनिक बागा उतरल्या. बंगळूरचा लालबाग, १७८७ मध्ये स्थापन झालेले कोलकात्याचे वनस्पती उद्यान, कंपनी सरकारने १८१७ मध्ये ताब्यात घेतलेली सहारनपूरची बाग आणि १८७३ मधील पुण्याचे गणेशखिंड उद्यान ही त्यांतील ठळक नावे. गणेशखिंडीशी संबंधित जी. मार्शल वुड्रो यांनी आंब्याच्या वाणांवर १९०४ मध्ये पुस्तक लिहिले. पुढे पुण्यातच डब्ल्यू. बर्न्स आणि एस. एच. प्रयाग यांनी वाणांचे बारकाईने वर्णन केले. १९११ च्या सुमारास आंब्याचा नियंत्रित संकर करण्याचे भारतातील आरंभीचे प्रयत्नही या दोघांच्याच नावावर आहेत. कोणत्या झाडाला काय म्हणावे, याला लेखी आधार मिळू लागला तो या कामातून.

संकराचे काम मात्र चिवट होते. आंब्याच्या एका तुऱ्यात हजारांनी फुले असतात आणि त्यांतील फळे टिकतात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हाताने परागण केलेली बहुतेक फुले गळून जातात आणि उरलेल्या कोयीचे झाड फळायला कित्येक वर्षे घेते. तरीही दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने नीलम आणि दशहरी या जोडीतून दोन वाण दिले. नीलम आई आणि दशहरी बाप अशा संकरातून १९७० च्या दशकाच्या आरंभी ‘मल्लिका’ आली आणि उलट्या संकरातून त्याच दशकाच्या अखेरीस ‘आम्रपाली’. आम्रपाली ठेंगणी आणि दरवर्षी फळणारी. अडीच मीटर अंतरावर लावल्यास हेक्टरी १६०० झाडे बसतात. दहा मीटर अंतरावरच्या जुन्या पद्धतीत जेमतेम १०० बसत. मोठ्या बागांसाठी झालेल्या या संशोधनाने लहान परसालाही आंबा दिला, हे त्याचे कमी बोलले गेलेले फलित आहे. कोकणात वेंगुर्ले येथील फळसंशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ दिला, तो १९८१ मध्ये.

याच सुमारास कलमाची पद्धतही पालटली. कोय कलमात पावसाळ्यात रुजलेल्या कोयीचा दोन आठवड्यांचा, अजून तांबूस असलेला कोवळा दांडा छाटतात, त्याला उभी चीर देतात, मातृवृक्षाची पाचरीसारखी तासलेली काडी तीत बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळतात. मृदुकाष्ठ कलमात हेच काम जरा मोठ्या रोपाच्या नव्या पालवीवर होते, आणि तेही रोप जागेवर वाढत असताना करता येते. काडीची पाने सात-आठ दिवस आधी देठ ठेवून छाटली, की तिचे डोळे फुगतात आणि सांधा लवकर धरतो. आता झाडाकडे रोप न्यावे लागत नाही, काडीच रोपाकडे येते. एका झाडापासून शेकडो कलमे होऊ लागली, किंमत उतरली आणि आंब्याचे कलम सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

परंतु भेट संपली, तशी साक्षही संपली. काडी कोणत्या झाडाची, हे आता केवळ ती कापणाऱ्याला ठाऊक असते. पानांवरून वाण ओळखणे सरावलेल्या माळ्यालाही दरवेळी जमत नाही. डीएनएच्या खुणा तपासून हापूस आणि दशहरी वेगळे सांगता येतात, पण ही चाचणी रस्त्यावरच्या रोपवाटिकेपर्यंत पोहोचलेली नाही. भौगोलिक मानांकनाचा अर्थही नीट समजून घ्यावा. मलिहाबादच्या दशहरीला २००९ मध्ये आणि कोकणातील हापूसला २०१८ मध्ये ते मिळाले, पण ते त्या प्रदेशात पिकलेल्या फळाला आहे. रोपाच्या पिशवीवर ‘जीआय’ लिहिल्याने त्या काडीच्या वंशाची हमी मिळत नाही.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. कलम गुण जसे जपते, तसे रोगही जपते. आंब्यापेक्षा हा धोका संत्रा-मोसंबीत ठळक दिसतो. ट्रिस्टेझा विषाणू आणि ग्रीनिंगचे जिवाणू रोगट झाडाच्या डोळ्याबरोबर नव्या रोपात जातात आणि निरोगी दिसणारी बाग काही वर्षांत खंगते. म्हणूनच केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेला ‘क्लीन प्लांट’ कार्यक्रम महत्त्वाचा ठरतो. सुमारे १,७६६ कोटी रुपयांच्या या कार्यक्रमात देशभर नऊ केंद्रे उभारून फळझाडांचे रोगमुक्त मातृसाहित्य तयार करायचे आणि ते रोपवाटिकांना पुरवायचे, असा बेत आहे. तो नीट पार पडला, तर भेट कलमाबरोबर गेलेली साक्ष निराळ्या रूपात परत येईल.

आता मुंबईच्या त्या दुबार फळणाऱ्या झाडाकडे वळू. त्याचे नाव नाही, वंश नाही. एका माणसाने लिहून ठेवले म्हणून ते होते एवढेच आपल्याला ठाऊक आहे. त्याच्यासमोर राजस्थानातील कोट्याची गोष्ट ठेवावी. श्रीकृष्ण सुमन या शेतकऱ्याला २००० साली आपल्या बागेतील एका झाडाला वर्षभर मोहोर येत असल्याचे दिसले. त्यांनी त्याची पाच कलमे बांधली, सुमारे पंधरा वर्षे ती पारखली आणि ‘सदाबहार’ हा ठेंगणा वाण सिद्ध केला. कुंडीतही वाढणाऱ्या या वाणाची दखल केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२१ मध्ये घेतली. एक झाड गेले आणि एक राहिले, यातील अंतर पाच कलमांचे आहे.

दशहरीही असाच एका योगायोगाचा वारसा आहे. लखनौजवळच्या दशहरी गावातील एका कोयीच्या झाडापासून तो पसरला आणि ते झाड आजही दाखवले जाते. आपल्याकडे आंब्याचे सुमारे हजार वाण सांगितले जातात, बाजारात मात्र विसेक दिसतात. नव्या वाणांचे भांडार आहे ते रायवळात, म्हणजे बांधावरच्या आणि वाड्यांमागच्या कोयीच्या झाडांत. रस्ता रुंद होताना, घराची वाटणी होताना पहिली कुऱ्हाड पडते ती त्यांच्यावर, कारण त्यांना नाव नसते.

म्हणून या पावसाळ्यात कलम घेताना काही गोष्टी पाहाव्यात. शक्यतो कृषी विद्यापीठाच्या, संशोधन केंद्राच्या किंवा राष्ट्रीय फलोत्पादन मंडळाची मान्यता असलेल्या रोपवाटिकेतून घ्यावे आणि मातृवृक्ष दाखवण्याची विनंती करावी. जो दाखवतो, त्याच्याकडून घ्यावे. सांधा भरलेला असावा, त्यावरची पट्टी रुतू लागण्याआधी सोडावी. लावताना सांधा मातीच्या वर ठेवावा आणि त्याखालून फुटणारी प्रत्येक फूट काढावी, नाहीतर हापूसच्या जागी खुंटाचा रायवळ वाढतो. पहिली दोन-तीन वर्षे मोहोर खुडावा. वाण, रोपवाटिका आणि तारीख वहीत लिहून ठेवावी.

आणि घरामागे, आजोळी किंवा शाळेच्या कुंपणाशी एखादे जुने रायवळ झाड असेल, ज्याच्या लोणच्याची वा रसाची चव घरात अजून निघते, तर त्याची काडीही एका खुंटावर बांधावी. त्या झाडाला एक नाव द्यावे आणि तेही वहीत लिहावे.